लाइन आल्यावर पान उघडतं का

१ जानेवारी, गुरुवार

नव्या डायरीच्या पहिल्या पानावर काहीतरी भारदस्त लिहावं असं सकाळपासून मनात होतं. ते राहू दे, बातमी मोठी आहे. माझं मराठी प्रकरण काढून टाकणार आहेत. किंवा ठेवणार आहेत. मला भीती वाटायला हवी, तर मी घरभर नाचते आहे.

नीट लिहिते, नाहीतर पुढं मलाच कळायचं नाही. रिंबल नावाची एक स्क्रिप्टिंग भाषा आहे, वेबसाइटी बनवायला वापरतात. ती आधी सर्व्हरवर बसवावी लागते. कशी बसवायची हे सांगणारं एक मोठं पुस्तक इंटरनेटवर आहे, जगभरच्या हौशी लोकांनी फुकटात लिहिलेलं. त्यातलं 'सर्व्हरवर बसवणे' हे मराठी प्रकरण मी सांभाळते. मी म्हणजे मंजुषा, शेलूबाजारच्या हायवेवरच्या कॉम्प्युटर क्लासची मॅडम. दोन वर्षांपूर्वी हे प्रकरण पहिल्यांदा उघडलं तेव्हा कोण्या भल्या माणसानं सर्व्हरला मराठीत 'वाढपी' करून ठेवलं होतं. 'वाढप्याला पुन्हा सुरू करा.' 'वाढपी उत्तर देत नसल्यास त्याला बंद करा.' मी हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिले. मग दुरुस्ती पाठवली, आणि तो भला माणूस बहुधा याचीच वाट पाहत होता. त्यानंतर तो कुणाला दिसलाच नाही आणि प्रकरण माझ्या गळ्यात पडलं.

आता महिनाअखेरीस रिंबलची नवी आवृत्ती येते आहे. सगळ्या भाषांवर देखरेख करणारी इल्से एस्टोनियात राहते. तिनं कळवलं आहे की जे प्रकरण दोन नवखी माणसं नुसतं वाचून, कुणाच्या मदतीशिवाय करून दाखवतील तेच ठेवणार. बाकीची ३१ तारखेला निघतील. टेस्टर नात्यातला नको, सोबत काम करणारा नको, त्यानं हे आधी कधी केलेलं नको. लिहिणारीनं कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, टेस्टरच्या समोर बसायचं. त्याचा चेहरा पाहायचा, पडदा पाहायचा नाही, म्हणजे मध्ये बोट घालावंसं वाटत नाही. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. झालं की नाही झालं, ते शेवटी टेस्टरनंच सांगायचं आणि सही करायची.

गप्प बसायचं, मी! आईला सांगितलं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

३ जानेवारी, शनिवार

टेस्टर क्रमांक एक मिळाला! शेजारचे जानराव काका. त्यांची तूर काढून झाली आहे, हरभऱ्याला पाणी रात्री द्यायचं असतं, दिवसा मोकळे. म्हणाले, "मले फक्त मोबाइलवर भाव पाह्यता येते. चालन का?" मी म्हटलं, काका, तुमच्यासारखंच माणूस पाहिजे. खूश झाले.

दुसऱ्यासाठी निकिताला गाठलं. ती क्लासच्या खालीच झेरॉक्सचं दुकान चालवते आणि तिला तीन तालुक्यांतली माणसं माहीत.

"इंझोरीचा एक हाय," ती म्हणाली. "डोक्यानं तेज हाय. अकरा तारखेले, रविवारी तुह्या घरीच पाठवून देते."

"कॉम्प्युटर येतो का त्याला?"

"काईच येत नाही."

मी तिला तिथंच मिठी मारली. एक माणूस आधारकार्डाच्या झेरॉक्ससाठी उभा होता, तो बिचारा दुसरीकडे पाहायला लागला.

७ जानेवारी, बुधवार

जानराव काका पास! म्हणजे माझं प्रकरण पास!

सकाळी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं त्यांना. मी पलीकडून, पदर तोंडात धरल्यासारखी ओढणी तोंडात धरून. काका चष्मा नाकावर आणून एकेक ओळ मोठ्यांदा वाचत होते आणि माझी वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकताना मला गुदगुल्या होत होत्या. 'सर्व्हर पुन्हा सुरू करा' पर्यंत आले आणि मग हात बांधून बसले. नुसते बसले. चांगला पाऊण तास. मधून मधून छताकडे पाहायचे. दमले असतील, वय झालं आहे. मी मनात म्हटलं, काका, बटण दाबा, बटण! पण नियम म्हणजे नियम. अकराच्या सुमारास लाइन गेली, रोजच्यासारखी. आली. काकांनी कॉम्प्युटर चालू केला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडभर हसून म्हणाले, "झालं बाई. लय मस्त लिहिलं तुनं."

सही केली, चहा घेतला आणि गेले. मी लगेच इल्सेला कळवलं. आता फक्त एक.

९ जानेवारी, शुक्रवार

आमच्या घराला माझ्या कामाची एवढी कदर असेल असं वाटलं नव्हतं. आई सकाळीच म्हणाली, "रविवारी इंझोरीचे पाहुणे येऊन राह्यले. कुठी जाऊ नको. अन् तो नवा निळा ड्रेस घाल." टेस्टर येणार हे तिला कुठून कळलं कोण जाणे, निकितानंच फोन केला असणार. दिवाणवर नवी चादर आली. बाबांनी अंगणात सडा मारून घेतला आणि मंगरूळला जाऊन पेढे आणले. टेस्टरसाठी पेढे! इल्सेला सांगितलं पाहिजे, तिकडे नुसतं धन्यवाद म्हणतात.

आईनं विचारलं, "फोटो पाह्यत का त्याचा?"

मी म्हटलं, "फोटो कशाला? हात चालले म्हणजे झालं."

आई काहीतरी पुटपुटत स्वयंपाकघरात गेली. बाबांकडून आणखी माहिती मिळाली. नाव संघदीप, मानोऱ्याला माती परीक्षण केंद्रात नोकरीला. माती परीक्षणवाला म्हणजे सर्व्हरशी काडीचा संबंध नसणार, सोन्याहून पिवळं. एकच शंका होती, ती विचारून घेतली.

"बाबा, नात्यातला तर नाही ना आपल्या?"

"आजून तं नाही," बाबा म्हणाले आणि का कोण जाणे, लाजले.

११ जानेवारी, रविवार

चिडून लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

टेस्टर एकटा येईल असं मला वाटलं होतं. जीपमधून उतरले ते टेस्टर, टेस्टरची आई आणि टेस्टरचे मामा. जय भीम झाला, पाणी झालं. आई मला आत ओढून केस विंचरायला लागली, पण मला घाई होती. लाइन जायच्या आत सगळं व्हायला हवं होतं. मी बाहेर आले आणि त्याला म्हटलं, "आधी काम करून घेऊ. इथं बसा. मी आता काही बोलणार नाही, तुम्ही वाचा आणि तसं तसं करा."

तो आधी स्वतःच्या आईकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मग हसला आणि बसला. "बरं," म्हणाला. "असंही असते काय."

मी समोर बसले. मामांनी मला विचारलं, "किती शिकली बाई?" मी तोंडावर बोट ठेवलं. "सयपाक येते का?" मान हलवली, कशीही. त्याच्या आई, भागिरथाबाई, गावात अंगणवाडी चालवत होत्या, आता निवृत्त. त्या आमच्या आईला म्हणाल्या, "लय मर्यादेची पोरगी हाय वं बाई तुमची. आजकाल अशा कुठी भेटते." आमची आई दारात उभी होती, तिला जोराचा ठसका लागला.

वाचक म्हणून तो फारच चांगला. ओळ वाचतो, ओठ हलतात, मग करतो. पुढची ओळ आधी पाहत नाही. अडला की मान डावीकडे कलते. उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे. चेहरा पाहायचा नियम असल्यामुळे हे सगळं दिसलं.

शेवटी त्याचे डोळे मोठे झाले आणि त्यानं वाचलं, "नमस्कार, शेलूबाजार!" पान उघडलं होतं. मामांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी पेढ्यांचा डबा उघडला. तेवढ्यात लाइन गेली. अंधुकात सगळ्यांनी चहा घेतला, लाइन आली, आणि सही करून उठायचं सोडून तो पुन्हा जाऊन कॉम्प्युटरसमोर बसला. चालू केला. पान उघडलं. म्हणजे उघडायला गेला. बराच वेळ पाहत होता. मग पडद्यावरून माझ्याकडे डोकावून म्हणाला, "नाही झालं."

भागिरथाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "अरे, झालं म्हन ना. झालं होतं ना मघाशी."

"मघाशी झालं होतं. आता नाही होऊन राह्यलं," तो म्हणाला. "माह्याकडे माती आली का मी एक नमुना दोनदा पाह्यतो. दुसऱ्या वक्ती नाही आलं तं नाही लिहितो." मग मला म्हणाला, "राग नका मानू. पन लिहिलं लय सोपं हाय तुमी."

आणि 'नाही झालं' लिहून, खाली वळणदार सही करून गेला. माझा पेढा खाऊन गेला! मोठा आला मातीवाला.

१२ जानेवारी, सोमवार

काल डायरी मिटल्यावर जे झालं ते आज लिहिते, काल हात चालत नव्हता.

आईनं विचारलं, "कसा वाटला पोरगा?"

"बेकार. नापास करून गेला."

आईचा चेहरा उतरला. "त्यानं नाही म्हटलं?"

"तोंडावर म्हटलं. तू तिथंच होतीस ना!"

"थे तं कॉम्प्युटरले म्हटलं ना? तुले काय म्हटलं?"

"मला कशाला काही म्हणेल? निकितानं पाठवलेला टेस्टर तो."

"कोन निकिता?" बाबा म्हणाले.

आईनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. मग बाबा हसायला लागले. मग आई. मी निकिताला फोन लावला. ती म्हणाली, "अवं, त्या इंझोरीच्या रवीले लगनाचं भाडं भेटलं, जीप घेऊन गेला थो. मी सांगाचं इसरलीच. काहून, काय झालं?"

काय झालं! मला पाहायला आलेल्या मुलाला मी सर्व्हर बसवायला लावला. त्याच्या मामांना बोट दाखवून गप्प केलं. आणि तो मुकाट्यानं बसवत बसला, विचारलंही नाही की बाई हे काय आहे. आठवलं की मी उशीत तोंड घालते आणि हसते. मग आठवतं की त्यानं 'नाही झालं' लिहिलंय, आणि राग येतो. मग तो पांढरा केस आठवतो.

१३ जानेवारी, मंगळवार

तो चुकला असणार हे सिद्ध करायला जानराव काकांकडे गेले. त्यांचं झालं होतं ना! काका ओसरीवर तुरीचं पोतं शिवत होते.

"काका, त्या दिवशी पान उघडलं होतं ना? लाइन आल्यावर?"

काकांनी दाभण खाली ठेवलं. "खरं सांगू का बाई?"

मी मान डोलावली.

"नाही उघडलं," काका म्हणाले.

"मग झालं म्हणालात?"

"तू इतकी समोर बसून पाहून राह्यली होती. तुह्या तोंडाकडं पाहून नाही कसं म्हनाव? एवढ्या आशेनं बसली होती पोरगी."

"आणि तो पाऊण तास? तुम्ही दमला होतात ना?"

"दमतो कायले? तुनं लिहिलं होतं पुन्हा सुरू करा. अकरा वाजता लाइन जातेच. आली का आपोआपच सुरू होते सगळं, पंखा होते, टीवी होते, मोटार होते. त्याच्यासाठी वेगळं बटन कायले दाबाचं? मी म्हटलं बसू, जाईनच आता."

मी ओसरीच्या पायरीवर बसले. काका घाबरले, काकूंना पाणी आणायला सांगितलं. पण मला रडू येत नव्हतं, हसूही येत नव्हतं, मला दिसत होतं! काकांचं बरोबरच आहे. इथं लाइन गेली-आली की सगळं आपोआप सुरू होतं, व्हायलाच पाहिजे. माझ्या प्रकरणात सर्व्हर चालू करायला सांगितलंय, पण कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला की सर्व्हरनं स्वतःहून उठावं यासाठी एक आज्ञा द्यावी लागते. एकच ओळ. ती कुठंच नाही. काकांचा सर्व्हर उठला नाही, त्याचाही उठला नाही. फरक एवढाच की त्यानं सांगितलं.

१४ जानेवारी, बुधवार

मूळ इंग्रजी प्रकरण उघडून पाहिलं. त्यातही ती ओळ नाही! वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडे लाइन जात नसणार. मी एक नवा भाग लिहिला, 'वीज गेल्यावर काय'. ओळ लिहिली आणि शेवटी टाकलं: 'आता एकदा घराची लाइन बंद करून चालू करा आणि पान उघडतं का ते पाहा.' इल्सेला सगळं खरं सांगितलं, जानराव काकांची सही परत घेतली तेही. आता माझ्याकडे पास झालेलं एकही माणूस नाही आणि महिना अर्धा सरला.

ओळ बरोबर आहे का हे विचारायला बाबांकडून त्याचा नंबर घेतला. निव्वळ तांत्रिक कारणासाठी. बाबा म्हणाले, "घे ना. मी काई म्हटलं का?"

फोनवर तो म्हणाला, "मी रविवारी घरी आल्याबरोबर आमच्या कॉम्प्युटरवर पुन्हा केलं होतं. तुमचं काई चुकलं का माहं, म्हून. इथंही लाइन आल्यावर नाहीच चाललं." म्हणजे शेलूबाजारहून घरी जाऊन, जेवायच्या आधी, तो पुन्हा माझं प्रकरण वाचत बसला होता. मी नवी ओळ वाचून दाखवली. तो थांबला, करून पाहिली, लाइनची वाट पाहिली, फोन चालूच होता, इकडचं तिकडचं बोलत होतो. हरभऱ्यावर घाटेअळी आली आहे त्यांच्याकडे. त्याला कारल्याची भाजी आवडते. मामांनी त्याला 'मुकी तं नाही ना पोरगी' असं विचारलं होतं म्हणे परतताना. माझा कान गरम झाला, बहुतेक फोन तापला असेल. मग तिकडे लाइन गेली, आली, आणि तो ओरडला, "उठला! उठला ना बाप्पा!"

पण त्याची टेस्ट धरता येत नाही, त्यानं आता सगळं पाहिलंय. नवीन माणसंच पाहिजेत.

१८ जानेवारी, रविवार

खरा टेस्टर आला! रवी, जीपवाला, एक आठवडा उशिरा. हायवेवर जीप उभी करून दोन तासांत सगळं करून गेला. प्रवासी बाहेरून हाका मारत होते, तो आतून ओरडत होता, "थांबा ना बे, सर्व्हर बसवून राह्यलो!" लाइन बंद केली, चालू केली, पान उघडलं. या वेळी मी सही घेण्याआधी तीनदा विचारलं, मन राखायला तर म्हणत नाहीस ना. रवी म्हणाला, "बाई, मी भाड्यात कोनाचं मन राखत नाही, इथं कायले राखू." एक झाला. खराखुरा.

दुसरा मिळेना. निकिताच्या तीन तालुक्यांतली माणसं एकतर तुरीत अडकलीत नाहीतर लग्नांत.

२० जानेवारी, मंगळवार

संघदीपनं सुचवलं (फोनवर, तांत्रिक कारणासाठी): "माही माय करन. तिले काईच येत नाही, पन वाचते लय ध्यान देऊन. अंगनवाडीत सगळं वाचूनच करत होती."

मी आनंदानं उडाले आणि लगेच खाली आले. नात्यातला टेस्टर नको! आता भागिरथाबाई माझ्या कोण? आईबाबा रोज माझ्या तोंडाकडे पाहत आहेत, इंझोरीहून निरोप आला आहे की आमची पसंती आहे, मुलीचं काय ते कळवा. मी अजून काही बोललेले नाही. इल्सेला स्वच्छ लिहिलं की टेस्टरच्या मुलानं मला मागणी घातली आहे, उत्तर दिलेलं नाही, चालेल का. तिचं उत्तर आलं: आजच्या तारखेला नातं नाही, तेव्हा चालेल. पण मग तिची टेस्ट होईपर्यंत उत्तर देऊ नकोस!

आईला सांगितलं की एस्टोनियाच्या बाईनं हो म्हणायला मनाई केली आहे. आई डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, "म्हंजे हो म्हनाचं तं आहे?"

मी म्हटलं, असं कुठं म्हटलं मी.

२५ जानेवारी, रविवार

इंझोरी. रवीच्या जीपनं गेले, बाबा सोबत. संघदीपनं आधीचं सगळं पुसून कॉम्प्युटर कोरा करून ठेवला होता. मग त्यालाही घराबाहेर काढलं, मदत करू नये म्हणून. तो उन्हात हातपंपाजवळ उभा राहिला, आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी विचारायचं, काहून रे बाहेर उभा, तर म्हणायचा, परीक्षा चालू हाय मायची.

भागिरथाबाई फळ्यासमोर बसावं तशा ताठ बसल्या. मी समोर. बाबा पलीकडच्या खोलीत, खोकलासुद्धा दाबून. एका ठिकाणी त्या अडल्या. त्यांनी चष्मा पुसला, तीच ओळ पुन्हा वाचली, "हां, असं हाय काय," म्हणाल्या आणि सुटल्या. मला त्यांना जाऊन मिठी मारावीशी वाटली. खुर्ची घट्ट धरून बसले.

मग शेवटचा भाग आला. 'घराची लाइन बंद करून चालू करा.' भागिरथाबाई उठल्या, बाहेरच्या मीटरजवळ गेल्या आणि खटकन मेन स्विच पाडला. त्यांच्या मागच्या खोलीत पिठाची चक्की आहे हे मला माहीत नव्हतं. आतून बायका ओरडल्या, "ओ भागिरथाबाई! गहू अर्धाच दळला ना!" त्या शांतपणे म्हणाल्या, "थांबा वं. लिहिलं हाय तसं करून राह्यली मी," आणि स्विच वर केला. चक्की घरघरली. कॉम्प्युटर सुरू झाला. मला दिसत होता फक्त त्यांचा चेहरा. तो हळूहळू खुलला.

"झालं," त्या म्हणाल्या.

आणि माझा विश्वास बसेना! त्या प्रेमळ आहेत, मी त्यांच्या घरात पाहुणी, माझ्या तोंडाकडे पाहून त्या नाही कशा म्हणतील? मी तशीच बसून राहिले. भागिरथाबाईंना काय समजायचं ते समजलं. त्यांनी दाराकडे पाहून हाक मारली, "संघदीप! ये आता. तूच सांग इले."

तो आत आला. पायावर हातपंपाचा चिखल. पडद्याकडे पाहिलं, वाकून पुन्हा पाहिलं, स्वतः बाहेर जाऊन लाइन बंद केली (बायका पुन्हा ओरडल्या), चालू केली, पुन्हा आला, पाहिलं.

"झालं," तो म्हणाला.

मी उडी मारली, टेबलाला गुडघा लागला, तो अजून दुखतो आहे.

३१ जानेवारी, शनिवार

मराठी प्रकरण राहिलं!!! आज दुपारी नवी आवृत्ती निघाली आणि यादीत मराठी आहे. एवढंच नाही. 'वीज गेल्यावर काय' हा भाग इल्सेनं इंग्रजीत घेतला आहे आणि तिथून सगळ्या भाषांत जाणार आहे. पोर्तुगीजवाल्यानं कळवलं की आमच्याकडेही लाइन जाते, आम्हाला वाटत होतं आम्हीच चुकतो. जानराव काकांना जाऊन सांगितलं की तुमच्यामुळे झालं. काका म्हणाले, "मी तं नुसता बसलो होतो." क्लासमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. निकितानं दोन घेतले, एक टेस्टर पाठवल्याबद्दल आणि एक न पाठवल्याबद्दल.

मग घरी येऊन संघदीपला फोन केला. तांत्रिक कारण शिल्लक नव्हतं. मागच्या दारी, खांबाला टेकून.

"प्रकरण राहिलं," मी म्हटलं.

"मी पाह्यलं. दुपारपासून चारदा उघडलं." मग म्हणाला, "आता तं एस्टोनियाच्या बाईची मनाई उठली ना. तुमचं काय ते सांगा."

पण मला आधी एक गोष्ट कळायला हवी होती. मी सरळ विचारलं, "आधी तुम्ही सांगा. मी आवडले का तुम्हाला? पसंती आहे असा निरोप आला, तो घरच्यांचा. तुमचं विचारते."

"हो."

"मन राखायला म्हणत नाही ना?"

तो हसला नाही. म्हणाला, "तुमचं पान नाही चाललं तवा सांगतलंच होतं ना मी, नाही चाललं म्हून."

सांगितलं होतं. पेढे समोर असताना, मामा टाळ्या वाजवत असताना, त्याची आई झालं म्हण म्हणत असताना, मला पाहायला आलेला असताना. आयुष्यात मला इतके लोक झालं, झालं, छान झालं म्हणाले, पण कुणाचं हो मला इतकं खरं वाटलं नव्हतं.

मीही हो म्हटलं. मग फोन तसाच चालू ठेवून बाबांना सांगायला पळाले.